हिरवे टोक

विज्ञानाच्या प्रयोगशाळेत टेबलावर ठेवलेली लहान लोखंडी पेटी तुम्ही पाहिली असेल. तिला पॉवर सप्लाय म्हणतात. भिंतीवरच्या २३० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहापासून ती ६, १२ किंवा ३० व्होल्टचा दिष्ट प्रवाह देते. तिला बहुधा तीन टोके असतात : लाल म्हणजे धन, काळे म्हणजे ऋण, आणि हिरवे. हे हिरवे टोक कशासाठी?

ते पेटीच्या लोखंडी अंगाला आणि प्लगमधील जाड, लांब पिनेला जोडलेले असते. ती पिन अर्थिंगच्या तारेने जमिनीशी संबंध ठेवते. (जमीन हा शब्द उर्दूतही तोच, म्हणून लक्षात ठेवायला सोपे.) आतली २३० व्होल्टची तार सुटून पेटीला टेकली, तर मोठा प्रवाह या तारेने जातो, फ्यूज वितळतो आणि पेटीला हात लावणारा वाचतो. प्लग घालताना ही पिन सर्वांआधी जोडली जावी व काढताना सर्वांत शेवटी सुटावी, म्हणून ती लांब असते.

लाल व काळे टोक मात्र बहुतेक पेट्यांत टॉर्चच्या सेलप्रमाणे मोकळे असते. म्हणून सेल एकापुढे एक ठेवतो, तशा दोन पेट्याही एकसर जोडता येतात. पहिलीचे काळे टोक दुसरीच्या लाल टोकाला जोडा. १२ आणि १२ मिळून २४ व्होल्ट मिळतात. मधला जोड हिरव्या टोकाला जोडला, तर जमिनीच्या मानाने एका बाजूस धन १२ आणि दुसऱ्या बाजूस ऋण १२ व्होल्ट मिळतात.

खरी फसगत पुढे आहे. काही पेट्यांत काळे टोक आतूनच हिरव्याला जोडलेले असते. अशा दोन पेट्या एकसर जोडल्या तर काय होईल? पहिलीचे काळे टोक जमिनीशी. म्हणून त्याला जोडलेले दुसरीचे लाल टोकही जमिनीशी. आणि दुसरीचे काळे टोक तर आधीच जमिनीशी. म्हणजे दुसऱ्या पेटीचे धन आणि ऋण अर्थिंगच्या तारेतून एकमेकांना भिडले! टेबलावर एकही चुकीची तार दिसत नाही, आणि शॉर्टसर्किट मात्र झालेले असते.

अशा वेळी काही जण प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. पेट्या चालू लागतात खऱ्या. पण आता लोखंडी अंगावर २३० व्होल्ट आले तरी फ्यूज वितळणार नाही. कितीही हुशार माणसाने सांगितले, तरी हा उपाय करू नका. त्याऐवजी मोकळ्या टोकांची पेटी घ्या.

समांतर जोडणी तर पेटीच्या माहितीपुस्तकात परवानगी असेल तरच करावी. एक पेटी १२ व्होल्टवर आणि दुसरी ११ वर असली, तर पहिली दुसरीतच प्रवाह ढकलू पाहते.

पेटी कोणत्या जातीची, हे जोडण्याआधीच कळते. प्लग भिंतीतून काढा. मल्टीमीटर ओहमवर ठेवून काळे व हिरवे टोक तपासा, मग लाल व हिरवे. शून्याजवळ आकडा आला, तर ती टोके जोडलेली आहेत. पण आधी बाहेरून नीट पाहा : कित्येकदा काळ्या व हिरव्या टोकांमध्ये धातूची एक लहान पट्टी बसवलेली असते. स्क्रू सैल करून ती काढली, की काळे टोक मोकळे होते.