उपनगरीय मुंबईतील घरगुती मत्स्यालये आणि सागरी एंजलफिशसाठी पाण्याचे तापमान

प्रस्तावना :

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील सदनिकांमध्ये माशांची काचपेटी ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मुंबईकरांच्या काही पिढ्यांना सागरी माशांची ओळख करून दिली. क्रॉफर्ड मार्केट व कुर्ला येथील दुकानांमुळे ती हौस घरात आली. दुकानात नुसते 'एंजल' म्हणून जो मासा मिळतो तो बहुधा ॲमेझॉन खोऱ्यातील गोड्या पाण्याचा असतो. नावापलीकडे त्याचा येथे संबंध नाही. प्रस्तुत लेखात पोमॅकँथिडी कुळातील सागरी एंजलफिशला मानवणाऱ्या तापमानाचा विचार केला आहे. या कुळातील बहुतेक मासे आजही प्रवाळभित्तींवरूनच पकडून आणले जातात, बंदिस्त पैदास थोड्याच जातींची होते. त्यामुळे पेटीत दगावणारा मासा हा समुद्रातून उणा झालेला मासा असतो.

ग्रंथातील आकडा आणि समुद्रातील पाणी :

मत्स्यपालनाच्या पुस्तकांत या माशांसाठी साधारणतः २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान सुचविलेले आढळते. येथे एक विसंगती जाणवते. एम्परर एंजलफिश लक्षद्वीप व अंदमानच्या समुद्रात आढळतो आणि तेथील पृष्ठजल एप्रिल-मे महिन्यांत सुमारे ३० अंशांपर्यंत तापते. मग समुद्रात जे तापमान तो सहज सोसतो, ते घरातील पेटीत धोक्याचे का ठरावे?

याचे उत्तर प्रामुख्याने प्राणवायूत आहे. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना सुमारे ६.२ मिलिग्रॅम. ही घट सात-आठ टक्क्यांचीच आहे. परंतु पाच अंशांच्या याच वाढीने माशाची प्राणवायूची गरज सुमारे दीडपट होते. प्रवाळभित्तीवर लाटा अहोरात्र पाणी घुसळत असतात आणि पाण्याला अंत नसतो. काचपेटीत दोनशे लिटर पाणी, एक पंप आणि उरलेले अन्न कुजविणारे जिवाणू असतात. त्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतोच. शिवाय तापमान वाढले की पाण्यातील अमोनियाचा विषारी अंश वाढतो आणि अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे जीवनचक्रही वेगाने पूर्ण होते. पुस्तकातील २४ ते २७ हा आकडा म्हणजे माशाची सहनशक्ती नव्हे. पेटीच्या उणिवांसाठी ठेवलेली ती सवलत आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

मुंबईची हवा आणि उष्णतेचे गणित :

ही पुस्तके बहुतांशी थंड देशांत लिहिली गेली असल्याने त्यांत पाणी तापविणाऱ्या हीटरची चर्चा विस्ताराने असते. उपनगरांत प्रश्न नेमका उलटा आहे. सांताक्रूझ वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली होती. असे दिवस विरळाच. तथापि मार्च ते मे या काळात ३३-३४ अंश ही नित्याची बाब होय. त्यात पेटीची स्वतःची उष्णता मिसळते. दोनशे लिटर पाणी एक अंशाने तापण्यास सुमारे पाव युनिट वीज पुरते. पाण्यात बुडालेला ३० वॅटचा पंप दिवसभरात पाऊण युनिटाच्या जवळपास वीज घेतो आणि ती जवळजवळ सर्व उष्णता म्हणून पाण्यातच उतरते. उष्णता बाहेर गेली नाही तर केवळ पंपामुळे दिवसाला सुमारे तीन अंशांची वाढ संभवते. दिव्यांची उष्णता यात धरलेली नाही.

उलटपक्षी, पेटीतून एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन झाल्यास तेवढेच, म्हणजे सुमारे तीन अंश, तापमान उतरू शकते. पाण्याच्या पृष्ठावर लहान पंखा लावण्याचा उपाय यावरच आधारलेला आहे आणि कोरड्या हवेच्या नागपुरात तो उत्तम चालावा. मुंबईत मात्र ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक २७ अंशांच्या आसपासच थांबतो. पंखा पाण्याला त्याखाली नेऊ शकत नाही आणि पंप-दिव्यांच्या उष्णतेमुळे तेथपर्यंतही नेत नाही. पावसाळ्यात तर हवा बाष्पाने भरलेलीच असते. बाष्पाबरोबर क्षार जात नाहीत, म्हणून रोज झालेली घट क्षारविरहित गोड्या पाण्यानेच भरावी लागते, अन्यथा क्षारता वाढत जाते. भरवशाचा उपाय चिलर हाच. पण तो पाण्यातून काढलेली उष्णता खोलीत सोडतो, हे लहान सदनिकेत विसरून चालत नाही.

चढउताराचा प्रश्न :

रात्री शयनगृहात वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर आणि दिवसा खिडक्या बंद, अशा घरांत पाणी रोज तीन-चार अंशांनी खालीवर होऊ शकते. स्थिर २८ अंशांपेक्षा हा झोका अधिक घातक मानावा लागेल. बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानालगतच्या वसाहतींत जानेवारीच्या पहाटे गारवा चांगलाच जाणवतो. तेथे तेवढ्यापुरता हीटर उपयोगी पडतो.

याहून कठीण प्रसंग वीज जाण्याचा. २६ जुलै २००५ च्या महापुरात उपनगरांचे अनेक भाग दीर्घकाळ अंधारात होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषण व्यवस्था कोलमडून मुंबई महानगराचा वीजपुरवठा खंडित झाला. काही भागांत तो परत येण्यास अनेक तास लागले. आणि हा ऑक्टोबर उष्म्याचा महिना. अशा वेळी चिलरपेक्षा हवेचा पंप बंद पडणे अधिक गंभीर होय, कारण तापमान हळूहळू चढते, प्राणवायू मात्र त्याआधीच उतरू लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, खाद्य तत्काळ बंद करणे आणि गोठविलेल्या पाण्याची बंद बाटली पेटीत सोडून तासाला एक अंशाहून अधिक उतार होऊ न देणे, एवढे हाताशी असते. बाटली मात्र घट्ट बंद हवी. बर्फ थेट टाकल्यास क्षारता घटते, आणि बर्फ नळाच्या पाण्याचा असेल तर त्यातील क्लोरीनही पेटीत उतरतो.