भीमा पूर्वेकडेच का वाहते?

जगातील सर्वांत लांब नदी कोणती, सूर्याला सर्वांत जवळचा ग्रह कोणता, बटाटा मूळचा कोणत्या खंडातला? सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांतली ही प्रश्नोत्तरे आपण लहानपणी घोकली आणि आता मुलांकडून घोकून घेत आहोत. घोकण्याशी माझे भांडण नाही. पाढे पाठ नसलेल्याला गणित जड जाते. खटकते ते एवढेच, की या पुस्तकातले जग नेहमी दूर कुठे तरी असते. राजगुरुनगरचा मुलगा नाईलचे नाव चटकन सांगेल. पण हुतात्मा राजगुरूंचा वाडा जिच्या काठी उभा आहे, ती भीमा कोणत्या समुद्राला जाते, असे विचारून पाहा. मुलाला कशाला, त्याच्या वडिलांनाच विचारा.

भीमा उगम पावते ती याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, भीमाशंकरच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत फार तर साठ-सत्तर किलोमीटर. तरीही ही नदी त्या समुद्राकडे पाठ फिरवते, ८६१ किलोमीटर चालून रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि तिच्याबरोबर आंध्रात बंगालच्या उपसागराला जाते. का? घरातली परात घ्या, तिची एक कड विटेवर टेकवा आणि त्या कडेशी पाणी ओता. सह्याद्री ही ती उचललेली कड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. त्याची पश्चिमेची कड कोकणात सरळ तुटलेली, आणि उतार मात्र पूर्वेकडे. भीमाशंकरच्या माथ्यावर पडलेला पावसाचा थेंब चार पावले अलीकडे पडला तर उपसागरात आणि पलीकडे पडला तर अरबी समुद्रात जातो. हे एकदा कळले, की गोदावरी आणि कृष्णा वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

याच धड्याचा एक पुढचा भाग मुलांना फार आवडतो. आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते. ती भीमा उजनीच्या जलाशयातून पंढरपूरला पोहोचते आणि तिथे चंद्रकोरीसारखे वळण घेते म्हणून चंद्रभागा म्हणवते. म्हणजे माउलींची पालखी दिवे घाट चढून जिथे जाते, तिथेच आळंदीचे पाणीही जाते, फक्त वेगळ्या वाटेने. उद्योगनगरीचे सांडपाणीही त्याच वाटेने जाते. हे मात्र पुस्तकात नसते, आळंदीच्या घाटावर फेस होऊन दिसते.

आता बटाटा. खेड आणि आंबेगाव तालुक्यांत, विशेषतः सातगाव पठारावर, हे पीक इतके मुरलेले आहे की ते परके आहे हे कुणाला खरे वाटू नये. पण त्याचे घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. युरोपीय दर्यावर्दी त्याला जगभर घेऊन गेले आणि आपल्याकडे नाव रुजले ते पोर्तुगीजांच्या तोंडचे. शेजारच्या चाकणमध्ये महिनाअखेरीस ज्याची वाट पाहिली जाते तो ‘पगार’ही पोर्तुगीजच, त्या भाषेत त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. गवंड्याच्या हातातले घमेलेही तिकडचेच. चाकणच्या कारखान्यांमुळे इथल्या वर्गांत आज बिहार-उत्तर प्रदेशातून, कर्नाटकातून आलेली मुले बसतात. एक ‘आलू’ म्हणतो, दुसरी ‘आलूगड्डे’ म्हणते. या मुलांना मराठी येत नाही म्हणून कपाळाला हात लावण्यापेक्षा फळ्यावर हे तीन शब्द शेजारी शेजारी लिहावेत. भाषा कशा प्रवास करतात, याचा यापेक्षा स्वस्त धडा मला तरी ठाऊक नाही.

जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरी गावी नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो. आपल्याकडचे ज्वालामुखी तर केव्हाच थंडावले होते. ही राख तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून आली असे मानतात. ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून पुष्कळच जुन्या, याबद्दल संशोधकांत वाद आहे. तो वादही मुलांना सांगावा.

सगळ्यांत मोठे आश्चर्य नाशिक रस्त्यानेच पुढे नारायणगावजवळ, खोडदला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून तिथे उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा मध्यभागी, सोळा तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. तबकड्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. मग लहरी आरपार जात नाहीत का? चाळणीतून रवा गळतो, शेंगदाणे राहतात. जाळीची भोके एक-दोन सेंटीमीटरची, आणि अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी लहर २१ सेंटीमीटरची. लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच, वारा मात्र आरपार जातो आणि तबकडी हलकी राहते.

या लहरी अतिशय क्षीण असतात. म्हणून तर शहरांच्या गोंगाटापासून दूर, डोंगरांच्या आडोशाची ही जागा निवडली. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या तारेवर ठिणगी उडाली तरी तिच्या रेडिओ लहरी दुर्बिणीत गोंधळ करू शकतात. पुणे-नाशिक रेल्वेचा या परिसरातून आखलेला मार्ग मान्य करता येणार नाही, अशी भूमिका रेल्वे मंत्रालयाने २०२४ मध्ये घेतली ती याच कारणाने. राजगुरुनगर-चाकणच्या लोकांनी वर्षानुवर्षे या रेल्वेची वाट पाहिली आहे. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. रेल्वे हवी की दुर्बीण, की दोन्ही सांभाळणारा तिसरा मार्ग, हे भांडण घरोघर झाले आणि मुलांच्या कानांवर पडले. पण गाडीचा आणि ताऱ्यांचा संबंध काय, हे किती घरांत कुणी समजावून सांगितले?

खोडदची दारे दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास सर्वांसाठी उघडतात. मुलांना घेऊन जावे, आणि तबकडीखाली उभे राहून पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्यावा.