प्रतिस्पर्ध्याचा तारा आणि त्याची किंमत

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच एनबीए, या व्यावसायिक स्पर्धेत 30 संघ खेळतात आणि प्रतिस्पर्धी संघाचा आघाडीचा खेळाडू आपल्याकडे आणावा की नाही, हा प्रश्न यांतील प्रत्येक संघापुढे कधी ना कधी उभा राहतो. अशा व्यवहाराला तेथे ‘ट्रेड’ म्हणतात. आयपीएलमध्ये 2023 च्या अखेरीस हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे परतला, तेव्हा त्याच्या बदल्यात दुसरा खेळाडू गेला नव्हता, व्यवहार पैशांत झाला होता. एनबीएमध्ये मात्र केवळ रोख रक्कम मोजून तारांकित खेळाडू मिळत नाही. त्याच्या मोबदल्यात संघाला आपले खेळाडू किंवा ‘ड्राफ्ट’मधील हक्क द्यावे लागतात.

ड्राफ्ट म्हणजे स्पर्धेत नव्याने येणाऱ्या तरुण खेळाडूंची दरवर्षी दोन फेऱ्यांत होणारी निवड. दुबळ्या संघांना सावरता यावे म्हणून, बाद फेरीत न पोहोचलेल्या संघांमध्ये सोडत काढून पहिले क्रमांक त्यांच्याकडे जातील अशी व्यवस्था असते. निवडीचा हा हक्क संघाला सात वर्षे आधीपर्यंत दुसऱ्याला देता येतो. परंतु 1980 च्या दशकाच्या आरंभी क्लीव्हलँड संघाचे मालक टेड स्टेपिअन यांनी असे हक्क इतक्या सढळ हाताने वाटून टाकले की, पुढील कोणत्याही सलग दोन वर्षांत संघ पहिल्या फेरीच्या हक्काविना राहता कामा नये, असा नियम करावा लागला आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. याशिवाय संघाच्या एकूण वेतनखर्चावर ‘सॅलरी कॅप’ ही मर्यादा असते आणि ती ओलांडलेल्या संघाला मोठ्या वेतनाचा खेळाडू घेताना साधारण तेवढ्याच वेतनाचे खेळाडू द्यावे लागतात, त्यामुळे एका ताऱ्यासाठी अनेकदा दोन-तीन उपयुक्त खेळाडू हातचे जातात.

इतकी किंमत मोजण्याची तयारी संघ का दाखवतात, याचे उत्तर खेळाच्या घडणीतच आहे. मैदानात एका बाजूचे पाचच खेळाडू असतात, सामना 48 मिनिटांचा असतो आणि आघाडीचा खेळाडू त्यांतील 35 हून अधिक मिनिटे खेळू शकतो. क्रिकेटमधील फलंदाज एकदा बाद झाला की तंबूत परततो. बास्केटबॉलमध्ये मात्र संघाचे जवळजवळ प्रत्येक आक्रमण एकाच खेळाडूच्या हातून सुरू होऊ शकते. साहजिकच तीन मध्यम खेळाडू मिळून एका असामान्य खेळाडूची उणीव भरून काढू शकत नाहीत. पण असामान्य खेळाडू उद्या कोण ठरणार, हे आज कळत नाही आणि या सौद्यांतील खरा धोका तोच आहे.

पॉल जॉर्ज या खेळाडूच्या प्रवासातून हे स्पष्ट होते. 2017 मध्ये इंडियाना पेसर्सने त्याला ओक्लाहोमा सिटी थंडरकडे पाठवले आणि व्हिक्टर ओलाडिपो व डोमांटास साबोनिस यांना घेतले. दोन वर्षांनी थंडरने जॉर्जला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे पाठवले. त्याच सुमारास टोरांटोचा तारा कवाय लेनर्डही क्लिपर्सकडे येत असल्याने विजेतेपद हाताशी आले, असे त्या संघाला वाटणे स्वाभाविक होते. त्यासाठी क्लिपर्सने अनुभवी डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच हक्क आणि शे गिल्जस-अलेक्झांडर हा एकच हंगाम खेळलेला तरुण देऊन टाकला. पहिल्या हंगामात सामन्यामागे सरासरी 10.8 गुण मिळवणारा हा तरुण 2024-25 मध्ये सरासरी 32.7 गुणांसह स्पर्धेत अव्वल ठरला, तर त्याच सौद्यातून मिळालेल्या 2022 च्या हक्कावर थंडरने जेलन विल्यम्सला निवडले. दरम्यान पेसर्सने 2022 च्या फेब्रुवारीत साबोनिसला सॅक्रामेंटो किंग्जकडे देऊन टायरीज हॅलिबर्टनला मिळवले. 2025 च्या अंतिम फेरीत थंडर आणि पेसर्स समोरासमोर आले, तेव्हा दोन्ही संघांचे सूत्रधार जॉर्जला सोडून दिल्यामुळेच हाती लागले होते. सातव्या सामन्यात थंडरने 103-91 असा विजय मिळवला. क्लिपर्सला मात्र जॉर्जच्या पाच हंगामांत एकदाही अंतिम फेरी गाठता आली नाही.

थेट प्रतिस्पर्ध्याशी केलेला सौदा आणखी महागात पडू शकतो. 2013 मध्ये ब्रुकलिन नेट्सने आपल्याच विभागातील बॉस्टन सेल्टिक्सकडून 37 वर्षांचा केविन गार्नेट आणि 35 वर्षांचा पॉल पिअर्स यांना घेतले. बदल्यात काही खेळाडूंबरोबरच पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि 2017 मध्ये क्रमांकांची अदलाबदल करण्याची मुभा दिली. पिअर्स एका हंगामानंतर गेला, गार्नेट दुसरा हंगाम संपण्याआधी गेला आणि नेट्स तळाला पोहोचल्याने त्यांच्या हक्कांचे मोल वाढत गेले. त्यांतूनच सेल्टिक्सच्या पदरात जेलन ब्राऊन आणि जेसन टेटम पडले व 2024 मध्ये त्या दोघांच्या बळावर बॉस्टन विजेते झाले. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

तरीही ताऱ्यासाठी सौदा करूच नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. 2018 मध्ये टोरांटो रॅप्टर्सने आपला लोकप्रिय खेळाडू डेमार डीरोझन देऊन सॅन अँटोनिओकडून कवाय लेनर्ड आणि डॅनी ग्रीन यांना आणले, तेव्हा लेनर्ड आदल्या हंगामात दुखापतीमुळे केवळ नऊ सामने खेळला होता आणि त्याच्या कराराचे एकच खात्रीचे वर्ष उरले होते. परंतु टोरांटोने त्याआधीच्या हंगामात 59 सामने जिंकले होते, म्हणजे संघ तयार होता आणि उणीव एका ताऱ्याचीच होती. शिवाय डीरोझनबरोबर दिलेला ड्राफ्ट हक्क ‘संरक्षित’ होता, म्हणजे तो पहिल्या 20 क्रमांकांत आला असता तर त्या वर्षी टोरांटोकडेच राहिला असता. प्रत्यक्षात तो 29 वा आला. 12 मे 2019 रोजी फिलाडेल्फियाविरुद्धच्या सातव्या सामन्यात 90-90 अशी बरोबरी असताना लेनर्डने अखेरच्या क्षणी फेकलेला चेंडू रिंगच्या कडेवर चार वेळा उसळून आत पडला आणि पुढल्याच महिन्यात टोरांटो प्रथमच विजेते झाले. लेनर्ड लगेच संघ सोडून गेला, पण तोवर सौदा वसूल झाला होता. चेंडू बाहेर पडता तरीही तो निर्णय चूक ठरला नसता, कारण जोखीम मोजूनमापून घेतलेली होती.

या उदाहरणांवरून काही कसोट्या ठरवता येतात. संघ विजेतेपदापासून एकाच पावलावर असेल, येणारा खेळाडू उतारवयाला लागलेला नसेल आणि द्यावे लागणारे हक्क थोडे वा संरक्षित असतील, तर प्रतिस्पर्ध्याचा तारा अवश्य आणावा. मात्र सौद्यासाठी संघातला सर्वांत होतकरू तरुण आणि पुढील अनेक वर्षांचे हक्क एकाच वेळी मागितले जात असतील, तर नकार देणेच शहाणपणाचे, कारण ताऱ्याचा करार संपला तरी दिलेली किंमत फिटत राहते. पॉल जॉर्ज 2024 मध्ये क्लिपर्स सोडून फिलाडेल्फियाला गेला आणि क्लिपर्सला त्याच्या बदल्यात काहीही मिळाले नाही. त्याच्यासाठी थंडरला दिलेल्या हक्कांपैकी शेवटचा मात्र 2026 सालचा आहे.