ऊन-पाणी (लेखांक १४) : शिक्का नळीला, पाणी विहिरीचं

उष्णता पंपावर लिहीन असं गेल्या आठवड्यात म्हणालो होतो, पण तो विषय आज पुढे ढकलतो आहे. नागावहून एक पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न किनारपट्टीवरच्या निम्म्या घरांना लागू पडणारा आहे. पत्रलेखकांच्या वाडीत न्याहारी-निवासाच्या चार खोल्या आहेत. एका विक्रेत्याने त्यांना दोनशे लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर हीटर दाखवला. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘शासनमान्य’ छापलेलं, आणि वर तोंडी आश्वासन, ‘याच्यावर सबसिडी बसते.’ पत्रलेखक विचारतात, खरंच बसते का? आणि शासनाने मान्यता दिली म्हणजे नेमकी कशाला दिली?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही बसत. पाणी तापवण्याच्या संचांवरचं केंद्राचं अनुदान २०१४ सालीच थांबलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलांची आहे. तिथे पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी तीस हजार रुपये, तिसऱ्याला अठरा हजार, आणि त्यापुढे कितीही क्षमता बसवली तरी एकूण अठ्ठ्याहत्तर हजारच. पाण्याचा हीटर या योजनेत कुठेच नाही. विक्रेत्याने चुकून किंवा सोयीने दोन्ही गोष्टींची भेसळ केली असावी.

आता एक हिशेब मांडू द्या, तो मला बरेच दिवस सलतो आहे. विहिरीतलं पंचवीस अंशांचं शंभर लिटर पाणी साठ अंशांपर्यंत न्यायला चार युनिटांच्या आसपास ऊर्जा लागते. एक किलोवॉटचं वीज पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण तेवढीच वीज देतं. म्हणजे छपराचा बराच मोठा तुकडा अडवून, उन्हाची आधी वीज करून, मग ती गिझरमध्ये ओतून जे काम होतं, तेच काम दोन चौरस मीटरचा काळा पत्रा कुठलीही वीज न बनवता करतो. त्या किलोवॉटला तीस हजार आणि पत्र्याला शून्य. विजेच्या पॅनेलांशी माझं वैर नाही, माझ्याही घरावर ती आहेत. पण ज्या घरातली सकाळची वीज मुख्यतः गिझरच खातो, तिथे हा क्रम मला उलटा वाटतो.

आता मान्यतेकडे वळू, खरी मजा तिथे आहे.

आपल्याकडे जुना, रुळलेला प्रकार सपाट पेटीचा. पेटीत तांब्याचे पंख, त्यांना जोडलेल्या तांब्याच्याच नळ्या, वर कडक केलेली काच. त्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १२९३३ हे मानक नव्वदच्या दशकापासून आहे. त्यातल्या चाचण्या वाचताना मला नेहमी गंमत वाटते. पेटी रिकामी ठेवून दिवसचे दिवस उन्हात तापवायची. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं, मग तापलेल्या नळ्यांत आतून गार पाणी सोडायचं. कृत्रिम पाऊस पाडून पेटीत पाणी शिरतं का ते बघायचं. काचेवर पोलादी गोळा पाडायचा. एवढ्यातून पार पडल्यावर मग उष्णता मोजायची. आपल्या भागातल्या उत्पादकांना हे करून घ्यायला फार लांब जावं लागत नसे, पुणे विद्यापीठातच ऊर्जा अभ्यास विभागाचं चाचणी केंद्र होतं.

काचेच्या निर्वात नळ्या आल्या आणि घोळ झाला. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात ऐंशीच्या दशकात या नळ्यांवरचा काळा लेप स्वस्तात चढवायची रीत बसली, पुढे चीनने त्या ढिगाने बनवल्या आणि त्या आपल्या बाजारात उतरल्या. आपल्याकडे त्यांच्यासाठी मानकच नव्हतं. मग नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने स्वतःचे निकष काढले आणि ते पुरे करणाऱ्या पुरवठादारांची यादी लावली. तेव्हा दोन रांगा होत्या : सपाट पेटीवाल्यांनी ब्यूरोचा शिक्का आणायचा, नळीवाल्यांनी मंत्रालयाच्या यादीत नाव लावायचं. नळीवाल्यांसाठी ब्यूरोची मानकं २०१६ साली आली. आयएस १६५४२ ते १६५४४ अशी ती तीन आहेत आणि त्यांत टाकी, नळ्या आणि अख्खा संच असं सगळं येतं. पण तोवर अनुदान संपून दोन वर्षं होत आली होती!

मालाला मान्यता मिळाली की झालं, असंही नव्हतं. जानेवारी २०१० च्या राष्ट्रीय सौर मिशनमध्ये २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर संग्राहक बसवायचं लक्ष्य होतं, आणि त्यासाठी ‘चॅनेल पार्टनर’ नावाची, संच बसवणाऱ्या कंपन्यांची जमात तयार झाली. पतमापन करणाऱ्या संस्था या कंपन्यांना श्रेणी द्यायच्या. त्या श्रेणीतला आकडा काम करायची कुवत सांगायचा आणि अक्षर खिशाची ताकद. महाऊर्जेसारखी राज्याची संस्था, बँका आणि हे पार्टनर, अशा तिन्ही वाटांनी प्रकरणं वर जात. अनुदानाचा दर नळ्यांना चौरस मीटरमागे तीन हजार आणि पेटीला तेहतीसशे. शंभर लिटरच्या नळ्यांच्या संचाचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर, म्हणून साडेचार हजार रुपये. पेटीचं दोन चौरस मीटर, म्हणून सहासष्टशे.

माझा आक्षेप इथे आहे. पैसे चौरस मीटरला मिळत होते आणि एकदाच मिळत होते. सहा वर्षांनी त्या टाकीतून गरम पाणी येतंय की गंजाचा चहा, याच्याशी योजनेचा काही संबंध उरत नव्हता. देशाचे भागही दोनच : हिमालयाकडची विशेष दर्जाची राज्यं, त्यांना दुप्पट दर, आणि उरलेले सगळे एकाच मापात. लातूरचं कोरडं ऊन आणि मुरूडची खारी हवा मंत्रालयाच्या तक्त्यात एकाच ओळीत.

ऑस्ट्रेलियाने हे वेगळ्या पद्धतीने केलं. तिथे २००१ पासून सौर हीटरला रोख अनुदानाऐवजी प्रमाणपत्रं मिळतात. तो हीटर पुढच्या काही वर्षांत किती वीज वाचवील याचा अंदाज काढून तेवढी प्रमाणपत्रं द्यायची, ती बाजारात विकता येतात. मंजूर मॉडेलांची सरकारी नोंदवही असते, आणि एकाच मॉडेलपुढे वेगवेगळ्या हवामान विभागांसाठी वेगवेगळे आकडे असतात. पिनकोड बदलला की किंमत बदलते. पाण्याच्या खारेपणाचा विचार तीही पद्धत नीटसा करत नाही, पण यंत्र कुठल्या आभाळाखाली बसणार हे निदान विचारते.

आता नागावकडे येऊ. चाचणी केंद्रात विहिरीचं पाणी नसतं. अष्टागरातल्या (नागाव त्यातलंच) वाड्यांना विहिरींवर पोसायची रीत जुनी. रहाट गेले, पंप आले, उपसा वाढला, आणि समुद्राच्या अंगच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होऊ लागल्या. हे पाणी हीटरवर दोन बाजूंनी येतं. त्यातला क्षार पेटीतल्या अर्ध्या इंची तांब्याच्या नळ्यांत बसतो, आधी पाणी कोमट होतं, मग वाहणंच थांबतं. काचेची नळी रुंद असते, तिच्यात क्षार तळाशी साचतो, पण नळी काढून धुता येते. इथपर्यंत नळ्या जिंकल्या. दुसरी बाजू क्लोराइडची. साध्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस टाकीला गरम खारं पाणी जोडाच्या शिवणीपाशी बारीक भोकं पाडतं. ३१६ प्रतीत मॉलिब्डेनम असतं, ती जास्त टिकते आणि अर्थातच महाग असते. टाकीत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. तो टाकीऐवजी स्वतः झिजावा म्हणूनच ठेवलेला असतो. वर्षाकाठी तो उघडून बघायचा आणि बारीक झाला की बदलायचा. किनाऱ्यावर किती घरांत तो रॉड कधी उघडला गेलाय, हे प्लंबरला विचारा. तो हसेल.

आणि बहुतेक वेळा टाकीच्याही आधी जातं ते स्टँड. रंगवलेल्या लोखंडी अँगलला खारी हवा चार पावसाळ्यांत खाते. त्यावर दोनशे किलो पाणी आणि भोवती वारा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढलं, तेव्हा छपरावरची कुठली वस्तू कशाला बांधली होती ते सगळ्यांनाच कळलं.

त्या वादळाची आणखी एक बाजू या लेखमालेच्या कामाची आहे. वाडीतल्या घरावर मुळात ऊन असतं का? नारळ-पोफळीच्या दाटीत कौलांवर दहा ते दोनच्या दरम्यान जे गळतं तेवढंच. निसर्गने झाडं झोपवली आणि कित्येक छपरं पहिल्यांदाच उघडी पडली. आता लावलेली रोपं परत मोठी होतील, आणि झाली पाहिजेत. तेव्हा संच बसवताना आजचं ऊन बघू नका, दहा वर्षांनी तो माड कुठे पोचेल ते बघा. नारळ पडण्याच्या वाटेत तर मुळीच बसवू नका. मानकातला पोलादी गोळा ठीक आहे, पण चाळीस फुटांवरून सुटलेल्या असोल्या नारळाची चाचणी कुणी घेतलेली नाही.

सोलर हीटरचा अजून एक प्रतिस्पर्धी मंत्रालयाच्या कागदांत आलाच नाही. शंभर लिटरचा संच वर्षाला पंधराशे युनिट वाचवतो, असं अनुदानाच्या पत्रकांत छापलेलं असे. तो हिशेब गिझर असलेल्या घराचा. वाडीत झावळ्या, पोया, सोडणं, करवंट्या फुकट पडलेल्या असतात, आणि न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब किंवा पाणचूल असते. तिथे वीज वाचत नाही, वाचतो तो धूर आणि पहाटे उठून जाळ घालणाऱ्या बाईचा वेळ. तो कुठल्याही योजनेत मोजला गेला नाही. पावसाळ्याचे चार महिने सोलर हीटर जवळजवळ सुटीवर असतो तेव्हा हाच बंब कामाला येतो, म्हणून सोलर आला तरी बंब भंगारात काढू नका, असं मी सगळ्यांना सांगतो.

तर नागावच्या वाचकांना माझं सांगणं : सबसिडीचा विषय सोडून द्या. तुम्ही व्यवसायाचे हिशेब ठेवत असाल तर आयकरात सौर हीटरवर चाळीस टक्के घसारा मिळतो. पूर्वी तो ऐंशी टक्के होता, एप्रिल २०१७ पासून निम्मा झाला. हिशेबनिसाला विचारून घ्या. विक्रेत्याला ‘शासनमान्य’बद्दल विचारू नका, आयएस क्रमांक कुठल्या भागावर आहे ते विचारा : नळीवर, टाकीवर की संचावर. टाकीच्या आतल्या पत्र्याची प्रत बिलावर लिहून घ्या. स्टँड गरम जस्तलेपाचं मागा. आणि विहिरीचं पाणी आधी, शक्यतो मे महिन्यात, तपासून घ्या. पावसानंतरचं पाणी गोडच निघतं आणि फसवतं.

नळ्या आल्या की प्रत्येक नळीचं बंद टोक बघा. तिथे आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो बेरियमचा. नळीतला निर्वात गेला की तो पांढुरका पडतो. पांढरं टोक दिसलं तर ती नळी तिथल्या तिथे परत करा, संच कितीही मंजूर असला तरी.

उष्णता पंप पुढच्या आठवड्यात. मुरूडच्या एका वाचकांनी माकडं आणि नळ्या यांवर लिहायला सांगितलंय, ते त्यानंतर.