जाहिरात त्यांची, पावती आपली

रोहिणी नक्षत्र सरत आले की निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या बाजारात बी-बियाण्यांच्या दुकानांवर रंगीत फलक लागतात. एकरी दुप्पट उताऱ्याचे सोयाबीन, आठ दिवसांत उसाला काळोखी आणणारे टॉनिक, म्हशीचे दूध वाढविणारी भुकटी, असे नाना प्रकार त्यांवर असतात. भिंतींवर, वर्तमानपत्रांत आणि हल्ली प्रत्येकाच्या मोबाईलवर दुसऱ्या तऱ्हेच्या जाहिराती दिसतात : साखर मुळापासून घालवा, मुतखडा विरघळवा, सांधेदुखी कायमची बंद करा. पेरणीसाठी सोसायटीचे कर्ज काढलेला शेतकरी काय किंवा दुखण्याने गांजलेले घर काय, दोघांनाही घाई असते. फसवी जाहिरात या घाईवरच जगते.

सीमाभागातील आम्हा लोकांची आणखी एक अडचण आहे. आम्ही राहतो कर्नाटकात, वाचतो मराठी वर्तमानपत्रे आणि खरेदीला कोल्हापूर, गडहिंग्लजलाही जातो. माल एका राज्यात घेतला आणि नुकसान दुसऱ्या राज्यात झाले, तर दाद कोठे मागावी, या विचारानेच पुष्कळजण गप्प बसतात. यावरही उपाय आहे. तो पुढे सांगितला आहे. परंतु मुळात फसू नये म्हणून काय करावे, ते आधी पाहू.

लिहून मागावे

जाहिरातीत जे मोठ्या अक्षरांत असते ते पिशवीवर छापलेले आहे का, हे पाहावे. नसेल तर दुकानदाराला शांतपणे विचारावे, "हे पावतीवर लिहून देता का?" लिहून देण्यास तो कचरला, तर त्या बोलण्याची किंमत किती हे आपोआप कळते.

बियाण्यांचेच घ्या. बियाणे कायदा १९६६ सालचा आहे. पिशवीच्या लेबलावर वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, शुद्धता, तपासणीची तारीख आणि मुदत या गोष्टी वाचाव्यात. सोयाबीनची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते. बियाणे पेरणीच्या बरेच आधी आणावे. पिशवी खालच्या बाजूने उघडावी, म्हणजे वरचे लेबल व शिलाई शाबूत राहते. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडावेत, गुंडाळून सावलीत ठेवावेत व गोणपाट ओलसर राखावे. सहा-सात दिवसांत सत्तरपेक्षा कमी दाणे उगवले तर पेरणी थांबवावी आणि दुकानदार व रयत संपर्क केंद्र या दोघांनाही कळवावे. बियाण्याला औषध लावलेले असते, तेव्हा हात धुण्यास विसरू नये.

खतांबाबतही असेच. "डी.ए.पी.सारखेच" असे कोणी म्हणाले तर पोत्यावरचे आकडे पाहावेत. डी.ए.पी.मध्ये १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असते. आकडे वेगळे असतील तर खतही वेगळे, मग पोत्याचा रंग कितीही सारखा असो.

औषधांच्या जाहिराती

औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ साली झाला. त्याच्या यादीत चोपन्न आजार व विकार आहेत. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, हृदयविकार, मुतखडा, संधिवात, पक्षाघात, मोतीबिंदू, कोड, वंध्यत्व, लठ्ठपणा हे त्यांपैकीच. या आजारांवर आमचे औषध गुणकारी आहे, अशी जाहिरात लोकांपुढे करण्यास मनाई आहे, औषध कोणत्याही पद्धतीचे असो. तेव्हा साखर मुळापासून घालविण्याची हमी कोणी फलकावर लिहिली, तर तो फलकच कायदा मोडतो आहे असे समजावे.

मोठे नाव पाहूनही भुलू नये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पतंजली आयुर्वेद या कंपनीला अशा आजारांवरील औषधांच्या जाहिराती करण्यास मनाई केली. पुढे एप्रिलमध्ये कंपनीला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये माफी स्वीकारून न्यायालयाने अवमानाचे प्रकरण मिटविले.

पैसे गेले तर पुन्हा मिळविता येतात. परंतु जाहिरात वाचून इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी बंद केली, तर जिवावर बेतते. चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नये. खाद्यपदार्थाच्या डब्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक पाहूनही फसू नये. तो उत्पादकाच्या परवान्याचा क्रमांक आहे. त्या डब्याने रोग बरा होतो, असा त्याचा अर्थ नाही.

तंबाखूचा वेष

निपाणी ही तंबाखूची पेठ. आमच्याकडे मिश्री दातांसाठी चांगली, असे म्हणत कित्येक बाया ती लावतात. तंबाखूने दात बळकट होत नाहीत, उलट तोंडाच्या कर्करोगाला वाट मिळते. तंबाखू घातलेली दंतमंजने व टूथपेस्ट बनविण्यावर आणि विकण्यावर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे २००३च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींनाही मनाई झाली. तेव्हापासून त्याच नावाची वेलची किंवा सुपारी जाहिरातीत झळकू लागली. अशा आडवाटेच्या जाहिरातींवर जून २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी बंदी घातली आहे. मुलांना हे समजावून सांगावे.

दाद कोठे मागावी

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला आणि २०१९ साली तो नव्याने करण्यात आला. नवा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात सीमाभागाच्या फार उपयोगाची एक तरतूद आहे : ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे माल कोल्हापुरात घेतला तरी निपाणीकराला बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा. तेथे मराठीत व कन्नडमध्येही बोलता येते.

"बियाणे तर सगळे पेरले, आता पुरावा कोठला?" असे शेतकरी विचारतात. राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हाही ग्राहकच आहे, असे ठरविले. शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाणे राखून ठेवावे ही अपेक्षाही न्यायालयाने मान्य केली नाही. तरीही मूठभर बियाणे व रिकामी पिशवी जपून ठेवणे शहाणपणाचे. उगवण फसल्यास शेत मोडण्यापूर्वी कृषी अधिकाऱ्यांकडून पाहणी करून घ्यावी.

खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. १९९७ साली रोमहून जाहिरातींतील नीतीविषयी एक पत्रक निघाले. त्यातही सत्य, मानवाची प्रतिष्ठा आणि समाजाविषयीची जबाबदारी ही तीन तत्त्वे सांगितली आहेत. ही आज्ञा विकणाऱ्याला आहे, तशीच आपल्यालाही आहे. स्वतः न तपासलेली औषधाची जाहिरात मोबाईलवरून दहा घरी पाठविणे, हेही त्या खोट्या साक्षीत सामील होणेच होय.

घरात एक पत्र्याचा डबा ठेवावा. पावती, लेबल, रिकामी पिशवी आणि जाहिरातीचे कात्रण त्यात टाकावे, व पीक हाती येईपर्यंत त्यातले काहीही फेकू नये.