आजोबांचा शेवरोलेट ३१००

आजोबांनी शेतीसाठी घेतलेला, वडिलांनी राबविलेला आणि आता नातवाने पुन्हा चालता करण्याचे मनावर घेतलेला पिकअप ट्रक, ही अमेरिकेच्या ग्रामीण जीवनातील एक परमप्रिय परंपरा असून, तीत १९४७ ते १९५५ च्या पूर्वार्धापर्यंत निघालेल्या शेवरोलेट ३१०० ला माझ्या मते मानाचे स्थान आहे.

जीर्णोद्धारास हात घालण्यापूर्वी इंजिनाची खातरजमा करावी. १९५३ पर्यंतच्या ट्रकांत २१६ घनइंचांचे सहा सिलिंडरांचे इंजिन असे व त्याच्या कनेक्टिंग रॉडमध्ये बॅबिट हा मऊ मिश्रधातू ओतून बेअरिंग घडविलेले असे. १९५४ पासूनच्या २३५ घनइंची इंजिनात मात्र बदलता येणारी बेअरिंगे आणि पूर्ण दाबाने होणारे वंगण आल्याने दुरुस्ती पुष्कळ सुकर झाली.

विद्युतव्यवस्था ६ व्होल्टची असल्यामुळे बॅटरीच्या तारा जाडच हव्यात. बारीक तार जोडल्यास स्टार्टर मंद फिरतो आणि दोष विनाकारण इंजिनावर येतो. केबिनच्या मागील खालच्या कोपऱ्यांत चिखल साचून पत्रा आतून कुजतो, तेव्हा वरच्या रंगावर विश्वास न ठेवता तो कोपरा बोटाने दाबून पाहावा. हौद्याच्या तळाला लाकडी फळ्या व त्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या असतात; तोच घाट राखावा.

आणि खर्चाची तजवीज करण्याआधी मालकीचे दस्तऐवज सर्व वारसांच्या संमतीने रीतसर करून घ्यावेत, कारण कुटुंबाचा वारसा कुटुंबाच्या एकोप्यानेच टिकतो.