पट्टीएवढे विमान

मुलांनो, आकाशातून जाणारे विमान तुम्ही पाहिले असेल. परंतु खऱ्या विमानाशी मापाने जुळणारे, टेबलावर ठेवता येईल असे लाकडी विमान पाहिले आहे काय? अशा वस्तूस प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणतात. खेळणे डोळ्यांस आवडले की पुरे. प्रतिकृती मात्र मोजपट्टीसही पटावी लागते.

'गल्फस्ट्रीम जी-६५०' या विमानाचेच उदाहरण घेऊ. उद्योगपतींच्या खाजगी प्रवासासाठी अमेरिकेत बांधलेल्या या विमानाने २००९ साली पहिले उड्डाण केले. त्याची लांबी सुमारे ३०.४ मीटर असून पंखांच्या दोन टोकांमधील अंतरही जवळजवळ तेवढेच आहे. १ : १०० हे प्रमाण धरले, की एका मीटरचा एक सेंटिमीटर होतो आणि एवढे थोरले विमान तुमच्या दप्तरातील पट्टीएवढे होते! त्यातील प्रवासी जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर उंच भरेल.

येथे चुकीला जागा नाही. प्रतिकृतीतील एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानातील दहा सेंटिमीटर! म्हणून कारागीर प्रथम आराखडा काढतो. नंतर चांगल्या वाळलेल्या महोगनीच्या ठोकळ्यातून पटाशीने व कानशीने विमानाचे अंग कोरतो. ठिकठिकाणी पुठ्ठ्याचे कापलेले नमुने लावून गोलाई ताडून पाहतो. मग पंख, शेपटी व शेपटीजवळची दोन इंजिने जोडतो, काचकागदाने घासतो आणि अस्तर देऊन रंगाचे पातळ हात चढवितो. शेवटी दोन्ही बाजूंच्या लंबगोल खिडक्या उमटतात.

हे काम यंत्राने का करीत नाहीत? साचा तयार करण्यास फार खर्च येतो. एकसारखे हजारो नग काढले, तरच तो परवडतो. खाजगी विमाने थोडी, आणि त्यांचे रंग व पट्टे मालकाच्या आवडीप्रमाणे निरनिराळे. अशा वेळी मनुष्याचा हातच उपयोगी पडतो.

तरीही सर्वच गोष्टी शंभरपट लहान करता येत नाहीत. पंखाची मागची कड प्रमाणाप्रमाणे केली, तर ती बोट लागताच मोडेल. म्हणून ती किंचित जाड ठेवावी लागते. वजनाची गोष्ट तर अधिकच नवलाची. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी शंभरपट घटली, की घनफळ दहा लाखपट घटते. इंधन व प्रवासी यांसह ४५,००० किलोग्रॅम भरणाऱ्या विमानाची प्रतिकृती त्या हिशेबाने अवघी ४५ ग्रॅम हवी! पण ती त्याहून जड असते. कारण विमान आतून पोकळ, तर प्रतिकृती भरीव.

प्रतिकृती ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. राइट बंधूंनी १९०१ साली पंखांचे लहान लहान नमुने वाऱ्याच्या बोगद्यात तपासले आणि त्या ज्ञानाच्या बळावर १९०३ साली यंत्रशक्तीने चालणारे विमान उडविले. लहान वस्तू काळजीपूर्वक घडविणारा मनुष्य मोठ्या वस्तूचे मर्म जाणू लागतो. तुम्हीही आपल्या वर्गाची खोली मोजा आणि पुठ्ठ्यातून तिची प्रतिकृती करून पाहा. रोज पाहिलेल्या त्या खोलीत किती गोष्टी आजवर नजरेतून निसटल्या होत्या, हे मोजपट्टी हाती घेताच कळेल.